स्लो फिल्मचा रोल हार्ड येतो? दुसरी फिल्म घेण्याआधी पाण्यात थर्मामीटर घाला

हे सगळे घरी धुतलेल्या (डेव्हलप केलेल्या) कृष्णधवल स्लो फिल्मबद्दल आहे, म्हणजे कमी आयएसओच्या, जास्त उजेड मागणाऱ्या फिल्मबद्दल. हार्ड म्हणजे कॉन्ट्रास्ट अती, मधल्या छटा गायब. आधी लक्षणे सांगतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय की नाही ते कळेल.

निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की आभाळ, चुन्याची भिंत, वाळू हे सगळे कोळशासारखे दाट दिसते. माडांखालची सावली, बल्कांवात (दारासमोरच्या ओसरीत) बसलेल्या आजीचा चेहरा, देवळाच्या सभामंडपाचा आतला भाग मात्र कोऱ्या काचेसारखा. मधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीतच. चेहरा दिसेल असा प्रिंट काढला तर आभाळ पांढरेफटक पडते, ढग आणायला गेलात तर चेहरा काळा होतो. स्कॅन करून पाहिले तरी दाट भागात खरखर आणि सावलीत शून्य.

याच्या जोडीला कधी कधी आणखी काही दिसते. रोलच्या सुरुवातीच्या दोन-चार फ्रेमच्या कडेला धूसर पट्टे येतात. सपाट आभाळात फिकट-गडद लाटा दिसतात. वाळल्यावर ठिपके पडतात. किंवा चित्र एकूणच पातळ येते, जणू कोणी ते पुसत नेले आहे.

मी डिचोलीत राहतो आणि गेली पंधरा वर्षे घरच्या न्हाणीघरात रोल धुतो, माझे आणि मित्रमंडळींचेही. ऑक्टोबरात आणि मार्च ते मे या दिवसांत ही तक्रार हमखास येते आणि तिच्यामागून प्रश्नही ठरलेला असतो: ‘ही फिल्म आमच्या गोव्याच्या उन्हाला चालत नाही, दुसरी कोणती घेऊ?’ फिल्मचे पर्याय मी पुढे सांगणारच आहे. पण माझ्याकडे आलेल्या बहुतेक हार्ड रोलांचे कारण फिल्म नव्हतीच. कारण होते नळाचे २९-३० अंशांचे पाणी आणि समोर ठेवलेला, २० अंशांसाठी लिहिलेला धुलाईच्या वेळांचा तक्ता.

आयएसओ ४०० ची फिल्म अशी चूक बऱ्यापैकी पोटात घालते, स्लो फिल्म घालत नाही. तिच्यातले चांदीच्या क्षारांचे कण बारीक आणि आकाराने बरेचसे एकसारखे असतात, त्यामुळे ते साधारण एकदमच काळे पडतात. मुळातच तिचा कॉन्ट्रास्ट जास्त असतो आणि चुकायला जागा कमी. म्हणून पुढच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि खर्चाच्या शेवटी, याच क्रमाने करा. मधली पायरी गाळून थेट कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका.

पहिली तपासणी: कडेचे अंक

याला एक पैसाही लागत नाही. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचे नाव आणि फ्रेमचे अंक असतात. ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. म्हणजे ते अंक फक्त धुलाईची साक्ष देतात. चित्र मात्र एक्स्पोजर आणि धुलाई या दोन्हींची साक्ष देते.

अंक नेहमीसारखे स्वच्छ काळे आणि सावल्या रिकाम्या असतील तर फिल्मला उजेड कमी मिळाला. अंक जाड, फुगलेले आणि त्यांच्या भोवतीही काळसर छाया असेल तर रोल जास्त धुतला गेला. अंक आणि चित्र दोन्ही फिके असतील तर डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) मेलेला आहे किंवा वेळ कमी पडला. आधीचा एखादा चांगला आलेला रोल शेजारी धरून तुलना करा, एकट्या रोलवरून डोळा फसतो.

इल्फर्डच्या पॅन एफ प्लसला मात्र हा नियम सरसकट लावू नका. या फिल्मवर उमटलेले पण अजून न धुतलेले चित्र काळाबरोबर विरत जाते आणि कडेचे अंकही त्यातून सुटत नाहीत. एक्स्पोज केल्यावर ती लवकरात लवकर, फार तर तीन महिन्यांच्या आत धुवावी असे इल्फर्ड स्वतःच सांगते. चवथीला अर्धा रोल काढायचा, उरलेला शिगम्यापर्यंत कॅमेऱ्यात ठेवायचा आणि मग धुवायचा ही आपली सवय पॅन एफला मानवत नाही. चित्र एकूणच पुसट असेल तर आधी आठवा की पहिली फ्रेम कधी काढली होती. हे कारण निघाले तर पुढची कोणतीच तपासणी करू नका, त्यावर इलाज नाही. पुढच्या वेळी ३६ ऐवजी १५ फ्रेम काढून रोल बाहेर काढा आणि धुवा.

कॅमेऱ्यावरचा आकडा आणि काचेवरचा फिल्टर

कॅमेऱ्याची आयएसओची चकती बघा. ४०० चा रोल काढून ५० चा घातला आणि चकती तशीच राहिली, तर तीन स्टॉप उजेड कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अनुभवी माणसांकडूनही हे होते. काही पॉइंट-अँड-शूट कॅमेऱ्यांना २५ किंवा ५० चा डीएक्स कोड (रोलच्या डबीवरची, वेग सांगणारी खूण) वाचता येत नाही, ते स्वतःहून १०० धरून चालतात. तुमचा कॅमेरा काय धरतो ते त्याच्या माहितीपुस्तकात बघा.

हातातल्या मीटरने किंवा फोनवरच्या ॲपने उजेड मोजत असाल तर फिल्टरचा हिशेब तुम्हालाच करायचा आहे. पिवळ्याला साधारण एक स्टॉप, लालला तीन. ५० च्या फिल्मवर लाल फिल्टर चढवला की हातात जेमतेम ६ चा वेग उरतो. ढगांसाठी लाल फिल्टर लावून सावल्या रिकाम्या आल्याची तक्रार मी बरेचदा ऐकली आहे. निळ्या आभाळाचा उजेड सावलीतही असतो आणि लाल फिल्टर तो कापून टाकतो. त्यामुळे सावली दुप्पट मार खाते.

ऊन मोजले कशावर?

लख्ख उन्हाचा जुना नियम असा: छिद्र एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके. ५० च्या फिल्मला एफ/१६ ला १/६०, किंवा एफ/११ ला १/१२५. मिरामारच्या वाळूवर, भर दुपारी, एवढे पुरते. पण तोच माणूस दोन पावले चालून माडाच्या सावलीत उभा राहिला तर तीन स्टॉप उघडावे लागतात. मीटर समोर दिसेल ते सगळे करडे करायला बघतो. पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या दर्शनी भागावर किंवा मंगेशीच्या पांढऱ्या सात मजली दीपस्तंभावर मीटर धरला आणि तोच आकडा घेतला, तर पांढरे करडे होते आणि सावलीतली माणसे जातात. अशा ठिकाणी मीटरने सांगितल्यापेक्षा दीड ते दोन स्टॉप जास्त द्या. नाहीतर मीटर आपल्या तळहातावर धरा, तळहात त्याच उन्हात हवा, आणि एक स्टॉप उघडा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे कुळागर. पोफळीच्या दाट सावलीत उन्हाचे कवडसे पडलेले असतात. डोळ्याला ते दृश्य फार गोड वाटते, पण कवडसा आणि सावली यांतला फरक स्लो फिल्मच्या आवाक्याबाहेर जातो. सत्तरीतल्या एका मित्राने कुळागराचे सलग चार रोल असे घालवले. नंतर पाचवा रोल त्याने पावसाळ्यात, ढगाळ सकाळी, ट्रायपॉड लावून काढला. फिल्म तीच, कॅमेरा तोच. ओल्या झावळ्यांवरच्या छटा इतक्या सुरेख आल्या की त्या प्रिंटसमोर आम्ही दोघे बराच वेळ बसून होतो. जून ते सप्टेंबरचा ढगांतून गाळून आलेला उजेड हाच स्लो फिल्मचा खरा हंगाम आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

उन्हातच काढायचे असेल तर फिल्मचा वेग निम्मा धरा, ५० ला २५ आणि १०० ला ५०, आणि धुलाई १५ ते २० टक्क्यांनी कमी करा. जास्त उजेड सावल्या भरतो, कमी धुलाई आभाळ आवरते. मात्र दोन्ही एकत्रच करायचे. नुसता उजेड वाढवला तर आभाळ आणखी दाट होईल.

रोल कुठे होता, कुठे भरला

न वापरलेला रोल फ्रिजमध्ये ठेवणे चांगलेच. पण बाहेर काढल्यावर डबी बंदच ठेवून दोन-तीन तास थांबा, पावसाळ्यात तर नक्कीच. नाहीतर थंड फिल्मवर हवेतले बाष्प बसते आणि आभाळात डाग येतात. एक्स्पोज झालेला रोल गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर मे महिन्यात एका दुपारीत त्याचे नुकसान होते.

सुरुवातीच्या फ्रेमच्या कडेला धूसर पट्टे असतील तर फिल्म पॉलिस्टरच्या पारदर्शक बेसवर आहे का ते बघा. रोलाय रेट्रो ८०एस आणि आरपीएक्स २५ तशा आहेत. बाहेर आलेल्या टोकातून उजेड पाइपातून पाणी यावे तसा आत शिरतो. असा रोल उन्हात, फेरीबोटीवर उभे राहून कधीही भरू नका. घरात, पडदा ओढून भरा आणि काढल्याबरोबर काळ्या डबीत टाका.

दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावरून येत-जात असाल तर फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. चेक-इन सामानात कधीही टाकू नका. हातसामानाच्या साध्या एक्स-रे मशीनमधून एक-दोनदा गेल्याने स्लो फिल्मला सहसा काही होत नाही, पण नव्या सीटी स्कॅनरमध्ये कोणतीच फिल्म घालू नये.

पाणी

आता मुख्य तपासणी. खर्च एका थर्मामीटरचा आणि थोड्या बर्फाचा.

डब्यावरचा आणि तक्त्यातला धुलाईचा वेळ २० अंश सेल्सिअससाठी असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी २९-३० अंशांचे, दुपारी त्याहूनही गरम. डेव्हलपर प्रत्येक अंशाला अंदाजे नऊ-दहा टक्के जास्त जोराने काम करतो. इल्फर्डचे उदाहरण साधे आहे: २० अंशांना ४ मिनिटे लागत असतील तर २३ ला ३ मिनिटे. याच हिशेबाने पुढे जा. इल्फर्डच्या एफपी४ प्लस फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाण्यात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांना ११ मिनिटे लागतात. तीच फिल्म २९ अंशांच्या पाण्यात ११ मिनिटे ठेवली तर २० अंशांना २५ मिनिटे धुतल्यासारखे होते. मग आभाळ कोळसा होणारच. सावल्या मात्र फारशा सुधारत नाहीत, कारण जिथे उजेड पोचलाच नाही तिथे धुवायला काही नसते. वर सांगितलेले मुख्य लक्षण ते हेच.

आधी थर्मामीटर खरे बोलतो का ते बघा. ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी पेल्यात नीट ढवळा, पाच मिनिटांनी थर्मामीटर शून्य दाखवायला हवा. दुसरी खूण: कोमट पाण्यात घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि तुमचा थर्मामीटर एकत्र बुडवा, ३८ अंशांच्या आसपास दोघे जुळायला हवेत. माझा पहिला थर्मामीटर तीन अंश कमी दाखवत होता. मी नेटाने बर्फ घालून २० आणायचो आणि प्रत्यक्षात २३ ला धुवायचो, असे वर्षभर चालले. फरक कायम सारखाच असेल तर थर्मामीटर फेकू नका, त्यावर चिकटपट्टी लावून फरक लिहून ठेवा.

मग पाणी थंड करा. २९ अंशांचे एक लिटर पाणी २४ वर आणायला साधारण ५० ग्रॅम बर्फ लागतो, २० वर आणायला ९० ग्रॅम. म्हणजे दहा लिटरच्या बादलीला अर्धा ते एक किलो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, त्याने प्रमाण बिघडते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून फ्रीझरमध्ये गोठवा आणि त्या बादलीत सोडा. त्याच बादलीत डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे पाणी) आणि फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) यांच्या बाटल्या गळ्यापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा. धुलाई चालू असताना फिल्म ज्यात धुतो तो बंद टँकही हलवण्याच्या मधल्या वेळात बादलीतच राहू द्या. खोली ३१ अंशांची आणि हाताची ऊब वेगळी, त्यामुळे ओट्यावर ठेवलेला टँक दहा मिनिटांत सहज एक-दोन अंश चढतो.

गोव्यात २० अंशांचा हट्ट धरू नये असे मला वाटते. २० वर आणलेले पाणी टिकत नाही आणि शेवटी धुवायचे पाणी नळाचेच २९ चे असते. एकदम नऊ अंशांची उडी फिल्मच्या जिलेटिनला बरी नाही. मी २४ ला काम करतो. सगळे द्रव त्याच्या एक-दोन अंशांच्या आत ठेवतो आणि शेवटच्या धुण्यात दर खेपेला थोडे थोडे गरम पाणी घेत नळाच्या तापमानाला जातो. २६ च्या वर मी रोल धुतच नाही, रात्रीपर्यंत थांबतो.

२४ ला वेळ कमी होतो, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात धुलाई सारखी होत नाही. आभाळातल्या त्या फिकट-गडद लाटा बहुतेकदा इथून येतात. पॅन एफला आयडी-११ पाणी न घालता २० अंशांना साडेसहा मिनिटे लागतात, म्हणजे २४ ला साडेचार, हे धोक्याचे. म्हणून उष्ण भागात डेव्हलपर पातळ करून वापरावा. एफपी४ ला एकास तीन पाण्यात २० अंशांना २० मिनिटे आहेत, २४ ला साधारण पावणेचौदा. आरामात सांभाळता येते, शिवाय पातळ डेव्हलपर दाट भागात लवकर थकतो आणि आभाळ आपोआप आवरले जाते. फक्त एका रोलला मूळ द्रावण निदान १०० मिली मिळायला हवे. एका रोलच्या ३०० मिलीच्या टँकमध्ये एकास तीनने ७५ च पडते, तेव्हा दोन रोलांचा टँक घ्या आणि त्यात एकच रोल धुवा.

हलवण्याबाबत एवढेच: पहिल्या दहा सेकंदांत चार वेळा उलटा-सुलटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेवढेच. भजनात झांज वाजवल्यासारखा टँक सतत हलवत राहिलात तर आभाळ पुन्हा दाट होईल.

माझ्याकडे येणारे हार्ड रोल बहुतेक याच पायरीवर सुटतात. तापमान धरून एक रोल धुवा, तो नीट आला तर पुढचे वाचायची गरज नाही.

डेव्हलपर आणि फिक्सर

डेव्हलपरची खूण सोपी. रोल भरताना कापलेले टोक उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत गडद काळे व्हायला हवे. करडेच राहिले तर डेव्हलपर ओता. भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत आयडी-११ सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत महिनाभर. आपल्या उकाड्यात मी तेवढीही वाट बघत नाही. रोडिनालसारखा दाट द्रव वर्षानुवर्षे टिकतो. महिन्याला एखादाच रोल धुणाऱ्याने तोच घ्यावा.

फिक्सरलाही तसेच टोक घाला, किती सेकंदांत पारदर्शक होते ते मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. ताज्या फिक्सरला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ टोकालाच लागू लागला की फिक्सर संपला. निगेटिव्ह दुधाळ दिसत असेल तर घाबरू नका, ताज्या फिक्सरमध्ये परत घाला, बहुतेक वेळा साफ होते. कोडॅकच्या टी-मॅक्स फिल्मला फिक्सर जास्त वेळ लागतो आणि नीट न झाल्यास तिच्यावर गुलाबी झाक राहते.

ठिपके आणि वाळवण

पावसाळ्यात नळाला गढूळपणा येतो आणि चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते. डेव्हलपर कालवायला आणि शेवटच्या धुण्याला बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरा, त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब न राहू देणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब. जुलैत फिल्म वाळायला रात्रभर लागते. पंखा लावू नका, धूळ चिकटते. बंद कपाटात खाली ४० वॅटचा बल्ब लावून वर फिल्म टांगली की काम होते. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातलीत तर ती चिकटते आणि चकचकीत चट्टे उमटतात, ते जात नाहीत.

मग फिल्म कोणती?

तापमान हातात आल्यावरच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. नव्या माणसाला मी एफपी४ प्लसच सांगतो. १२५ ची आहे, उन्हात ती ६४ ला धरावी. एवढी समजूतदार स्लो फिल्म दुसरी मला मिळालेली नाही. फोमापॅन १०० स्वस्त आहे, पण तिचा खरा वेग मला ५०-६४ च्या आसपास वाटतो. टी-मॅक्स १०० चा दाणा अप्रतिम बारीक, मात्र वेळ आणि तापमानातला थोडा फरकही ती लगेच दाखवते. थर्मामीटरवर विश्वास बसल्याशिवाय घेऊ नका. पॅन एफ प्लस ढगाळ दिवसांसाठी. ॲडॉक्स सीएमएस २० चा तपशील थक्क करणारा आहे, पण तिला तिचाच खास डेव्हलपर हवा. नेहमीच्या डेव्हलपरमध्ये घातली की सावल्या शोधूनही सापडणार नाहीत.

आपल्या तांबड्या मातीसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इल्फर्डच्या ऑर्थो प्लससारख्या फिल्मला लाल रंग दिसत नाही. चिऱ्याची भिंत, लाल पाऊलवाट, जुन्या गोव्याच्या बॉम जेझूचा गिलावा नसलेला दर्शनी भाग तिच्यावर जवळजवळ काळा येतो. हा दोष समजून एका मुलाने मला तीन रोल दाखवले, तिन्ही उत्तम एक्स्पोज झालेले होते. उलट रेट्रो ८०एसला लाल रंग वाजवीपेक्षा जास्त दिसतो, तिच्यावर तोच चिरा उजळ येतो. एकाच वास्तूचे फोटो या दोन फिल्मांवर काढून शेजारी ठेवा, पुस्तक वाचून कळणार नाही ते कळेल.

तांबडी सुर्लाच्या काळ्या दगडी देवळात, आत ट्रायपॉडवर काढणार असाल तर लांब एक्स्पोजरची भरपाई धरा. मीटरने १० सेकंद सांगितले तर एफपी४ ला साधारण १८, पॅन एफला २१, फोमापॅनला तब्बल ८० सेकंद द्यावे लागतात. फुजीच्या ॲक्रॉस १०० टू ला १० च पुरतात, तिला दोन मिनिटांपर्यंत भरपाई लागत नाही. आतले फोटो रिकामे आणि बाहेरचे चांगले अशी तक्रार असेल तर कारण हेच.

कॅमेरा: इथे जपून

एवढे करूनही रोल बिघडत असेल तरच कॅमेऱ्याकडे या. आधी मीटरची बॅटरी. १९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा मीटर १.३५ व्होल्टच्या पारा असलेल्या सेलसाठी बनलेला आहे. त्यात आज १.५ चा अल्कलाइन सेल घातला की काही कॅमेऱ्यांत मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फिल्मला कमी मिळतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मेडिकलमध्ये मिळतो, १.४ व्होल्टचा आहे, त्याने मीटर जवळपास खरे बोलतो. तो काही आठवडेच टिकतो, हे धरून चाला.

मग शटर. मागचे झाकण उघडा, लेन्समधून खिडकी दिसेल असे धरा आणि फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये शटर टिपा. १/३० ला साधारण आठ फ्रेम उजेड दिसायला हवा, १/१५ ला सोळा. दुप्पट दिसत असेल तर शटर अडकते आहे. दमट हवेत वर्षभर न वापरलेल्या कॅमेऱ्यात हे सर्रास होते. लेन्समधून टॉर्च मारून पाहा: कोळिष्टकासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, छिद्राच्या पात्यांवर ओली चमक दिसली तर तेल आहे.

इथे थांबा. शटर, पाती आणि बुरशी यांपैकी काहीही निघाले तर पुढचे काम कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे. शटरवर लायटर फ्लुइड टाकू नका, आधी सुटल्यासारखे वाटते आणि तेल पसरून महिन्याभरात पुन्हा जाम होते. अंगचा फ्लॅश असलेला कॅमेरा तर उघडूच नका, त्यातला कपॅसिटर सेल काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतो. बुरशी लागलेली लेन्स दुरुस्तीला जाईपर्यंत इतर लेन्सपासून वेगळी, कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पुन्हा न मिळणारा रोल घरी धुऊ नका. लग्नाचा असो, गेलेल्या माणसाच्या कपाटात सापडलेला असो, जुनी किंवा बंद झालेली फिल्म असो, तो कृष्णधवल रोल रोज हाताने धुणाऱ्या लॅबकडेच द्या. देताना पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘कृष्णधवल, सी-४१ मध्ये घालू नये’. सी-४१ म्हणजे रंगीत निगेटिव्हची धुलाई. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी त्यांच्या वडिलांचा शेवटचा रोल शहरातल्या एका रंगीत लॅबमध्ये दिला होता. रंगीत धुलाईतले ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि या फिल्मवर चित्र असते ते फक्त चांदीचे. त्यांना कोरी पट्टी परत मिळाली. इल्फर्डची एक्सपी२ सुपर तेवढी त्या धुलाईसाठीच बनलेली आहे, पण ती ४०० ची.

कारागिराकडे कॅमेरा पाठवताना सोबत चिठ्ठी ठेवा: कोणत्या वेगाला किती फ्रेम उजेड दिसला, मीटरमध्ये कोणता सेल होता, आणि २४ अंशांना नीट धुतलेल्या एका रोलची पट्टी. नुसते ‘फोटो काळे येतात’ असे लिहून पाठवलेला कॅमेरा बहुधा फक्त पुसून परत येतो.